आज सहाला वाढवतोय

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी लिहायला बसले आहे, ते कसल्या दुःखाने नव्हे. काल तुमच्यापायी माझी भर बंदरावर फजिती झाली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून रविवारची भांडी तशीच सोडून कागद घेतला आहे.

तुम्ही होतात तेव्हा मी कॉलेजात आकडेमोड शिकत होते, एवढंच तुम्हाला माहीत. पुढे ती आकडेमोड मला कुठल्या कुठे घेऊन आली. मी कॅनडात असते, हॅलिफॅक्स नावाच्या बंदराच्या गावी, आणि मासेमारी खात्यात नोकरी करते. हसू नका. कासाराची मुलगी, अंड्याच्या वासानेही नाक मुरडणारी, ती इथे ट्यूना नावाच्या माशांची वजनं मोजत बसते. हा मासा म्हणजे आपल्या बाजारातला चांगला वाढलेला गोऱ्हा समजा. वर्षाला एकूण किती वजनाचे मासे धरायचे हे आधीच ठरलेलं असतं. तेवढं भरलं की त्या वर्षाची मासेमारी थांबते, नाहीतर समुद्रात पुढे काही उरायचं नाही. वजन भरत आलं हे ओळखून 'आता थांबवा' असं वर कळवायचं, हे माझं काम. दरवर्षी मी भरल्या बाजारात दुकान वाढवते, असंच म्हणा ना.

बघा, आलाच तो शब्द. मी पाचवीत होते. दिवाळी तोंडावर होती, दुकानात बायका दाटीवाटीने बसलेल्या, आणि पोटात कावळे ओरडत होते म्हणून मी उंबऱ्यातून ओरडले, "अण्णा, दुकान बंद कधी करायचं?" तुमच्या हातात एका बाईंचा हात होता आणि हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडलेली. तुम्ही मान वर केली नाही. "हात सैल सोडा, ताई," म्हणालात, बांगडी मनगटात सरकवली, मग उरलेल्या शांतपणे भरल्यात, आणि सगळं झाल्यावर माझ्याकडे वळलात. "बंद पडतं ते दिवाळं निघालेल्याचं दुकान. आपण वाढवतो." सगळ्या बायका हसल्या आणि माझे कान लाल झाले. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दिवा विझवायचा नाही, तोही वाढवायचा. डब्यातले तांदूळ संपले की आई म्हणायची, तांदूळ वाढले, जा वाण्याकडे. आपल्या घरात कधी काही संपलं नाही, फुटलं नाही, विझलं नाही. पगार नसलेल्या त्या घरात सगळं आपलं वाढतच असायचं. इथे मी दिवसभर इंग्रजीत 'क्लोज' म्हणते आणि काही वाटत नाही. मराठीत बोलायची वेळ आली की जिभेवर तुमचं दुकान उघडतं.

ती वेळ आणणारा माणूस वसईचा आहे. पन्नाशी उलटलेला, ख्रिस्ती, तरुणपणी जहाजावर स्वयंपाकी म्हणून निघाला तो इथल्या एका बंदरावर उतरला, इथल्याच मुलीशी लग्न केलं आणि सासऱ्यामागे त्याची बोट आणि परवाना चालवायला लागला. मी एकदा त्या बंदरावर मच्छीमारांच्या सभेत आकडे समजावून सांगत होते, इंग्रजीत, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "ताई, जरा स्लो जा हो, सगळं डोक्यावरून चाललंय." सभा माझ्या तोंडाकडे बघत राहिली, कारण मला हसू आवरेना. तेव्हापासून मी त्याला दादा म्हणते, आणि त्याला काही शंका आली की तो थेट मला फोन लावतो.

त्याच्या बंदरावर यंदा प्रत्येक बोटीला एकेकच मासा धरायची मुभा होती. धरला की शेपटीला खात्याचा बिल्ला अडकवायचा, धक्क्यावर आणून वजन करायचं, संपलं. बहुतेकांचे बिल्ले वापरून झाले होते. दादाचा तसाच होता. हंगामभर त्याच्या गळाला बारीकसारीक काय काय लागलं, पण ट्यूना नाही, आणि त्या एका माशावरच त्याची बोट हिवाळा काढते. काल सकाळी मी गाडीने बंदरावर पोहोचले तेव्हा ठरलं होतं की संध्याकाळी सहाला मासेमारी थांबवायची. सूचना दुपारपर्यंत निघणार होती. तेवढ्यात समुद्रातून दादाचा फोन आला.

"ताई, सीझनचं काय? डिसिजन झालं का?"

"आज सहाला वाढवतोय, दादा."

"काय सांगता! थँक यू हो ताई, थँक यू! गॉड ब्लेस!" आणि फोन तुटला. मला वाटलं, काय भला माणूस आहे. हंगाम वाढवल्याबद्दल लोक माझ्या नावाने बोटं मोडतात. आभार मानणारा हाच पहिला.

आता दादाचं ऐका. दोन दिवसांपासून त्याच्या इंजिनाची नळी गळत होती आणि घाईपायी त्याने ती फडक्याने बांधून ठेवली होती. हंगाम वाढला म्हटल्यावर त्याने गळ गुंडाळले, एका आडोशाच्या खाडीत नांगर टाकला, नळी बदलली, बोटीवर सोबत असलेल्या बायकोने आणलेलं जेवण आरामात जेवला, आणि रेडिओवरून सगळ्या बोटींना आनंदाची बातमी दिली. दुपारी खात्याची सूचना निघाली आणि कोणीतरी ती रेडिओवर वाचून दाखवली, तर हा म्हणतो, "तो जुना कागद. मला मॅडमनी स्वतः सांगितलंय, इन अवर ओन लँग्वेज."

मला याचा पत्ता नाही. चारच्या सुमारास मी वजनाच्या शेडमध्ये उभी होते. तिथला वजनवाला म्हातारा इथलाच आहे, बोलताना प्रत्येकाला 'डिअर' म्हणतो. तो म्हणाला, "सो डिअर, यू फोक्स आर एक्स्टेंडिंग इट, आय हिअर?"

"हू सेज?"

"युअर फ्रेंड. सेज यू टोल्ड हिम युअरसेल्फ."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. सहानंतर कोणी मासा धरला तर मासा जप्त, खटला, आणि परवाना गेला तर माणूस जन्मभर काठावर. तेही माझ्या शब्दावर विसंबून. म्हाताऱ्याच्या हातातून मी रेडिओचा माइक ओढूनच घेतला. आधी इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं की सहा म्हणजे सहा, सूचना खरी आहे. मग मराठीत, सगळ्या समुद्राला ऐकू जाईल असं:

"दादा, सीझन बंद होतोय हो! वाढवतोय म्हणजे बंद करतोय!"

"अहो, वाढवतोय म्हणजे बंद कसं होईल?"

"दुकान वाढवतात ना, तसं!"

"आमच्याकडे दुकान वाढवलं म्हणजे बाजूचा गाळा घेतला!"

"नारळ वाढवतात, तसं!"

"म्हणजे... सीझन फोडला?"

तुमची शपथ अण्णा, त्या परिस्थितीतही मला हसू फुटलं. पण हसायची वेळ नव्हती. माझ्या एका शब्दाने त्याचा सबंध दिवस खाल्ला होता. त्याने नांगर उचलला आणि बोट पुन्हा मोकळ्या समुद्रात काढली. बाकीच्या बोटी हळूहळू परत आल्या. माणसं घरी जायचं सोडून शेडमध्ये जमली, कारण पाच वाजून गेले होते आणि दादाच्या बायकोने रेडिओवर सांगितलं होतं की मासा लागलाय, मोठा आहे. ती सुकाणू धरायची आणि मधूनमधून बातमी द्यायची. मासा पळतोय, दोरी सैल सोडलीये. मासा खाली गेला. "ही इज गेटिंग टायर्ड," ती म्हणाली, "माय हजबंड, नॉट द फिश." शेडमध्ये हशा पिकला. मघाशी मला मनातून शिव्या देणारे लोक आता मला कॉफी आणून देत होते, आणि वजनवाल्याने काट्यावरची फळी धुऊन तयार ठेवली होती. सहाला जेमतेम काही मिनिटं असताना ती ओरडली की दिसला, बोटीच्या खाली चकाकतोय, अजून थोडंसंच. हातातोंडाशी आलेला घास होता तो. काट्यावरच्या घड्याळात सहा वाजले. सांगायचं काम माझं. मी माइक उचलला, त्याची वायर गुंतली होती, ती सोडवण्यात जरा वेळ गेला. मी बटण दाबायच्या आत पलीकडून दादाचाच आवाज आला, धापा टाकत.

"ताई, सहा वाजले. दोरी कापली. मासा वाढवला."

वजनवाल्याने विचारलं, काय म्हणाला तो? मी सांगितलं, सोडून दिला म्हणाला. आणि मोठा होऊ दिला, असंही म्हणाला. मला रडू आलं, तेही सगळ्यांदेखत.

दादा धक्क्यावर उतरला तेव्हा त्याचे तळवे सोलून निघाले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "येतो म्हणजे जातो, एवढं आईने शिकवलेलं. हे तुमचं वाढवणं नवीन. अजून असले उलटे शब्द असतील तर आत्ताच सांगा, नेक्स्ट इयर रिस्क नको." मी विचारलं, मी काही बोलायच्या आधीच का कापलीत? तो हात पाण्यात बुडवत म्हणाला, "एका शब्दापायी आधीच तुमचा जीव अर्धा झाला होता. दुसरा तुमच्या तोंडून कशाला काढायला लावायचा?" त्याच्या बायकोने बँडेजची पट्टी दातांनी फाडली आणि आम्हा दोघांना मिळून एक शिवी दिली. ती मला अगदी कळली. हिवाळ्यात तो दुसऱ्या कोणाच्या बोटीवर खेकडे धरायला जाणार आहे. मला वाईट वाटतं आहे, पण त्याचा आवाज आठवला की तेवढ्यापुरतं वाटेनासं होतं. माझ्या साहेबबाईंना मी कालच सगळं कळवलं. त्या आधी पोट धरून हसल्या आणि मग म्हणाल्या, इथून पुढे इंग्रजी आणि फ्रेंच, तिसरी भाषा नाही.

हे पत्र मी पाठवणार कुठे? दुकानाच्या पत्त्यावर आता एक मुलगा मोबाईलच्या काचा बदलून देतो, आणि 'फुटली' असं तोंडावर म्हणतो. तरी एक गोष्ट लिहायची राहिली आहे. ती मी दादाला सांगितली नाही, साहेबबाईंनाही नाही. तुम्ही दुकान वाढवायला घ्यायचात आणि बोळाच्या टोकाशी एखादी बाई लगबगीने येताना दिसली, की घडी घातलेलं बैठकीचं कापड पुन्हा उलगडून झटकायला लागायचात. आई म्हणायची, कितीदा झटकाल? तुम्ही म्हणायचात, काचेची कणी राहिली असेल. कापडात कणी नसायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

माइकच्या वायरलाही गाठ नव्हती, अण्णा.