बोडीकाठचे सारस

लांजी, १२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. समीक्षास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं या वेळी लिहवत नाही. बोडीच्या तळ्याजवळ आपल्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी अंडे उबवत होती. थोडं धान तुडवलं म्हणून तुह्या भावानं, धर्मेंद्रनं, फवारणीच्या औषधात तांदूळ भिजवून बांधावर टाकले. सकाळी मादी चिखलात पाय झाडत होती, चोचीतून फेस. नर तिच्याभोवती ओरडत फिरला, दुपारी तोही पडला.

मी जाब विचारला, तर म्हणे, "पाखरं पोसू का धान?" माह्या हातात फावड्याचा दांडा होता, तोच त्याच्यावर घातला. तो पडल्यावरही थांबलो नाही. त्याचा डावा हात कोपरापाशी मोडला. तुही आई मधात आली, एक तिच्याही पाठीत बसला.

सारस पुरले. कोणाले बोलू नको. जावयांले नमस्कार.

तुहा बाबा,
प्रेमलाल

गोंदिया, १६ सप्टेंबर

ती. बाबांना शि. सा. न.

पत्र वाचून आधी रडली, मग राग आला. मी बारा वर्षांची होती, तेव्हा तुम्हीच बोडीत औषध ओतून मासे धरले होते ना? बेडूक, पाणसाप, सगळे पोट वर करून तरंगत होते. टोपली मी धरली होती. तेव्हा तुमच्यावर कोणी दांडा उचलला नाही.

धर्मेंद्रला फोन केला. एवढंच म्हणाला, मारताना बाबा रडत होते. त्याच्याजवळ जाऊन बसा. आईची पाठ शेका. रागावली असली तरी लेक तुमचीच आहे.

समीक्षा

लांजी, २३ सप्टेंबर

चि. समीक्षाले आईचे आशीर्वाद.

तुह्या पत्रानंतर बाबा दोन दिवस जेवले नाही. काल कुत्र्यायनं सारस उकरले, खाल्ले अन् तिथंच तडफडून मेले. गावभर बोंब झाली. आज जंगलवाले जीप घेऊन आले. विष कोणं टाकलं, विचारलं. बाबा म्हणाले, "मी टाकलं." धर्मेंद्र प्लास्टरचा हात घेऊन खाटेवरून उठला. म्हणे, "झूठ आहे. मी टाकलं. याह्यले काहून नेता?"

दोघांलेही नेलं. एका हातानं त्याले जीपवर चढता येईना. बाबानं खाली वाकून कमरेले धरून त्याले उचललं. त्यानं उचलू दिलं.

जमलं तर ये. घरात मी एकटी आहो.

तुही आई,
शांताबाई