उरल्याच्या भट्टीवरचं शून्य

३ फेब्रु., मंगळ.
उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये माझा गॅस ओळखणारा डबा बसला एकदाचा. भट्टीच्या गॅसपाइपाशेजारी, छातीच्या उंचीवर. मॅनेजर तयार झाले ते दादामुळे. तो तिथे फिटर. त्यांना समजावलं: आत केसाहून बारीक पट्टी आहे, विषारी गॅस तिच्यावर बसला की वाकते, वाकली की भोंगा. ह्या गॅसला वास नाही, म्हणून एवढा खटाटोप. दादा पाळीतल्या सगळ्यांना बोलावून दाखवत होता, बहिणीनं केलंय म्हणून. लाज वाटली, बरंही वाटलं.

६ फेब्रु., शुक्र.
तीन दिवस शून्य. कॉलेजात बसून फोनवर डब्याचे आकडे बघते, हलत नाहीत. कोळशाच्या गॅसची भट्टी आणि इतकं स्वच्छ? मन खात होतं. पण मॅनेजरांना लेखी हवं होतं, आजच. दिलं. ‘हवा सुरक्षित’, खाली सही. प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायच्या पडल्या होत्या, उरल्याला जायचा कंटाळा केला.

९ फेब्रु., सोम.
साहूभैया, दादाचे जोडीदार, पाइपाजवळ चक्कर येऊन पडले. माझा कागद आल्यापासून तिथला हवा बाहेर टाकणारा पंखा बंदच ठेवला होता म्हणे. हॉस्पिटलात आहेत, शुद्ध नाही. कळलं तशीच मिलमध्ये गेले. डब्यावर पॉलिथिनची पिशवी, वरून रबर, घट्ट. घरी नव्या रिमोटला घालतात तशी.
दादा म्हणाला, "मीच घातली वं. नवी चीज, धुरळा बसून राहिला होता. मले का माहीत?"
पिशवी काढली. दोन मिनिटांत भोंगा.
कुणावर रागवू? झाकू नको, एवढंसुद्धा मी त्याला सांगितलं नव्हतं.

१० फेब्रु., मंगळ.
भोंग्यानं काम थांबतं म्हणून मिलवाल्यांनी डब्याची वायर काढली. पंखा लावलाय, पण तो पुरतो का, हे सांगायला आता तिथे काही नाही. मॅनेजर म्हणतात, डबाच खराब होता असं लिहून द्या, सगळे सुटतील. तसं लिहिलं तर डबा कायमचा जाणार. खरं लिहिलं तर दादाची नोकरी.
साहूभैयांनी डोळे उघडले. बायकोला ओळखलं नाही.

११ फेब्रु., बुध.
दादा येऊन गेला, बसला नाही. "लिही तुले जे लिहायचं ते. माह्यासाठी थांबू नको. सकाळी सहाच्या पाळीले मलेच जा लागते तिथं."
मी म्हटलं, उद्या जाऊ नकोस. हव म्हणाला. त्याचं हव मला माहीत आहे, हो म्हणून जाणारच. फार भीती वाटते.
पत्राला बसले. न बघता सही मी केली, हे लिहून झालं. पिशवी कुणी घातली, तिथे पेन अडलंय.