आजोबांच्या तव्याला साबण लागला

प्रिय नोलीन आत्या,

आधी गुन्हा सांगतो, तब्येत मागाहून विचारतो, कारण मी आधी तब्येत विचारली की तुला लगेच कळतं, पोराने काहीतरी करून ठेवलंय. तर, मी आजोबांचा तवा धुतला. साबणाने. आता सांग, गुडघा कसा आहे? तुमच्या मिल्ड्यूरा गावात ऊन फार आहे का? उभी असशील तर बस खाली.

तवा म्हणजे तोच, आजोबांच्या विटांच्या चुलीवरचा बिडाचा. ते गेल्यावर बाबांनी तो आपल्या गॅसच्या बार्बेक्यूत बसवला (बसत नव्हता, म्हणून बार्बेक्यू कापला). बाबांचा धर्म तुला माहीत आहे. चर्चमध्ये लग्न नाहीतर मयत असेल तरच, पण तव्यापुढे दर रविवारी हजर. त्यावरचा काळा थर म्हणजे आजोबांची चव, त्याला साबण लागला की आजोबा दुसऱ्यांदा गेले. साबणाचं पाणी फक्त गॅसच्या नळीला लावायचं, कुठे गळत असेल तर बुडबुडे येतात म्हणून. तीच बाटली चुकून तव्याकडे सरकली तर बाबा असे बघतात, जसा काही मी घरात साप सोडलाय. (साप एकदाच सोडला होता, तोही रबरी.)

आणि शेजारचे डेस हॅरिगन काका. ते प्रत्येक जेवणानंतर आपला बार्बेक्यू साबणाने घासतात, जाळ्या पुसतात, वर कव्हर घालतात. इतका स्वच्छ माणूस, म्हणून अख्खी गल्ली त्यांना हसते. बाबा तर सॉसेज वाढता वाढता सुनावतात, "खा रे डेस, पोटभर खा. घरी तुला लिंबाच्या वासाचं मिळतं! माझ्या तव्याला कुणी साबण लावू दे, एका घासात ओळखीन." हे मी दात यायच्या आधीपासून ऐकतोय, आत्या. माणसाने किती सोसायचं?

तर बाबा मरे नदीवर मासे धरायला गेले (मासे नेहमीप्रमाणे सुखरूप आहेत) आणि जाताना मला बार्बेक्यूची सेवा सांगून गेले. बर्नरची भोकं तारेने मोकळी कर, नळीत कोळी असेल तर काढ, खालच्या ट्रेमध्ये चरबी शोषायला घातलेली मांजराच्या शी-शूची वाळू बदल, नाहीतर भडका उडेल. तवा फक्त तापवायचा, उलथन्याने खरवडायचा, अर्धा कांदा फिरवायचा आणि तेल लावायचं. "यात अक्कल चालवू नकोस," म्हणाले. नाही चालवली. भोकं मोकळी केली, वाळू बदलली. कोळ्याने नळीत संसार थाटला होता, त्याला मानाने कुंपणापलीकडे हॅरिगन काकांकडे पोचवला. मग तवा गाडीत टाकला आणि गाडी धुवायच्या ठिकाणी गेलो. गाडी धुवायची होतीच, आणि ती धुऊन झाल्यावरही साबणाचा फवारा चालूच होता. मनात आलं, बघू तरी, खरंच ओळखतात का. आत्या, गुलाबी फेस! पोपडे सुटून सुटून गटारात गेले आणि खालून निघालं राखाडी, गुळगुळीत लोखंड. आजोबांना पहिल्यांदाच दाढीशिवाय बघितल्यासारखं वाटलं.

तिथवर मजा आली. घरी येईतो तव्यावर नारिंगी गंज चढला. बाबांकडे आजोबांचा धड फोटोसुद्धा नाही गं. जे काही होतं ते त्या तव्यावर होतं, आणि मी ते गाडीच्या चिखलाबरोबर वाहून टाकलं. मग दोन दिवस तेच. तेल लाव, धूर निघेस्तोवर तापव, पुन्हा तेल, वर कांदे, वर बेकन. हॅरिगन काका कुंपणावरून ओरडले, "कोरी, आग लागली का रे?" म्हटलं, "नाही काका, अभ्यास करतोय."

रविवारी सगळे जमले. बाबांनी पहिला सॉसेज उचलला. मी फाटकापाशी, गाडीची किल्ली हातात घेऊन. बाबांनी घास घेतला, चावले, डोळे मिटले. आणि डोळे पुसत म्हणाले, "अरे, आज तर हुबेहूब माझ्या बापाच्या हातचं झालंय!" हॅरिगन काकांनी गपचूप दोन खाल्ले, मान खाली घातली आणि म्हणाले, "मर्व्ह, हरलो बाबा. आजपासून माझ्याकडे साबण बंद." एका भल्या माणसाचा बार्बेक्यू माझ्यामुळे उंदरांच्या हवाली झाला. मला माफ कर.

तुझा लाडका (अजून असेन तर) भाचा,
कोरी

ता. क. : पाकीट चिकटवणार इतक्यात आई आली. म्हणाली, "गाडीच्या साबणाने धुतलास ना, गधड्या? भांड्यांचा वापरायचा, वास राहत नाही." म्हणे ती दरवर्षी धुते, बाबा नदीवर गेले की. "नाहीतर ज्या नदीत त्याला एक मासा मिळत नाही, तिथे मी त्याला डबा बांधून पाठवते कशाला? आणि परत आला की दरवर्षी त्याला त्या घासात बाप आठवतो." हे तिला शिकवलं कुणी? आजोबांनी! तेही दरवर्षी चोरून धुवायचे, पोराला वाईट वाटेल म्हणून बोलायचे नाहीत. आणि आई म्हणते, तेव्हा पाण्याची नळी तू धरायचीस. वा आत्या! आणि मी इथे तुझ्या गुडघ्याची काळजी करतोय.

ता. क. दुसरा : खरं काम हे की ईस्टरला बाबा तवा घेऊन तुझ्याकडे येताहेत, बहिणीलाही बापाची चव कळावी म्हणून. तू घास घे, डोळे मीट आणि हो म्हण, हसू नकोस. आणि कुणाला बोलू नकोस गं, हात जोडतो, हॅरिगन काकांनासुद्धा नको. बाबांना कळलं की तव्यावर चव नव्हतीच, तर ते आजोबांना शोधायला कुठे जातील?