पेवातली थंड हवा

२ मे १९७६, रविवार. हरिपूर.
गुणमाला आज माहेरी गेली. भांडण झालेलं नाही, हे स्पष्ट लिहून ठेवतो. फक्त जाताना म्हणाली, "अवं, ह्या घरात मी भाजून निघालेय. गार झालं की बोलवा." एस.टी. सुटताना मी हात हलवला. तिनं बघितलं नाही. ऊन डोळ्यांवर येत असणार.

३ मे
शांतपणे विचार केला. तिचं माहेर कवठे महांकाळ. ते हरिपूरपेक्षा जास्त तापतं. गार हवेसाठी माणूस मे महिन्यात कवठ्याला जात नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या तापमानाचा नाही, कम्फर्टचा आहे. साताऱ्याच्या ट्रेनिंगला साहेबांनी हेच शिकवलं: टेंपरेचर, ह्युमिडिटी, एअर मूव्हमेंट. बाकीचे ओव्हरसियर पेंगत होते. मी एकटा जागा होतो.
कौलं काढून स्लॅब टाकला तो मीच. गल्लीतला पहिला. त्याचा अभिमान आहेच. तापतो, हे मान्य. पण तापणं हा स्लॅबचा दोष नाही, सूर्याचा आहे.

५ मे
आई म्हणते, तिनं सैपाकघरात एक खिडकी मागितली होती, तेवढी पाड आणि बायकोला घेऊन ये. खिडकी पश्चिमेला येते. दुपारचं ऊन सरळ चुलीवर. शास्त्रात बसत नाही. आईला हीट गेन समजावून सांगितला. ती शेंगा फोडत होती. शेवटी म्हणाली, "व्हय. मग आता चहा कोण करणार, तुझा गेन?"
चहा मी केला. उतू गेला.

८ मे
स्लॅबवर उसाचं पाचट अंथरलं. इन्सुलेशन. खोली खरंच बरी वाटली. दुपारी शेजारच्या केरबाची म्हैस जिन्यानं वर चढली आणि सगळं इन्सुलेशन खाल्लं. चढली, पण उतरेना. गल्लीतली निम्मी माणसं गोळा झाली. केरबानं विचारलं, जिना इतका रुंद कशाला केलास? म्हणालो, हवा खेळायला.

९ मे
सापडलं! उत्तर अंगणातच आहे आणि आम्ही त्यावर रोज धुणं वाळत घालतो.
पेव. वडील हळदीचा व्यापार करायचे, तेव्हाचं हळद साठवायचं; आता रिकामं. वर तोंड एवढंसं, खाली पोट खोलीएवढं. जमिनीत असल्यामुळे बारा महिने गार. हळद इतकी वर्षं त्यात मजेत राहिली, मग माणसानं काय पाप केलंय? पेवातली हवा पाइपनं खोलीत आणायची, पाइपला एक्झॉस्ट फॅन. नैसर्गिक एअर कंडिशनिंग. मोठ्या शहरातल्या साहेबांनाही सुचलं नसेल. पाचटाची योजना ही केवळ पूर्वतयारी होती.
पेवाचं तोंड उघडून ठेवलं. कोंडलेली हवा जीव घेते, हे हरिपुरात पोरांनाही ठाऊक. घाई नाही. मी बेजबाबदार माणूस नव्हे.

१४ मे
पाइप बसवला. फॅन लावला. आला! गार वारा! थर्मामीटर उतरला. वास थोडा कुबट, पण वासाचा कम्फर्टमध्ये समावेश होतो की नाही हे ट्रेनिंगमध्ये सांगितलं नव्हतं.
रेग्युलेटर एकवरच ठेवला. मग वीज गेली.
गुणमालाला पत्र टाकलं: "घर गार झाले आहे. ये." पोस्टातून परत येताना उगाच शीळ घालत होतो. तिच्याशिवाय घर फार मोठं वाटतं. हे पत्रात लिहायचं राहून गेलं.

१९ मे
पत्राचं उत्तर म्हणून सासरेबुवा आले. नेमाण्णा. मुलगी पाठवण्याआधी स्वतः बघून जाणार. पांढरंशुभ्र धोतर, पांढरी टोपी, नवीकोरी. मी त्यांना मुद्दाम पाइपच्या तोंडासमोर खुर्ची दिली. मानाची जागा. फॅन पाचवर ठेवला. वीज नव्हती.
नेमाण्णा म्हणाले, "जावईबापू, वारा कुठाय?" मी म्हणालो, येईल. मग त्यांना शास्त्र सांगत बसलो. त्यांचा डोळा लागला.
तेवढ्यात वीज आली.
पेवाच्या तळाशी हळदीचा भुगा राहिला असेल, हे मी गृहीत धरलेलं नव्हतं. वडिलांच्या सगळ्या व्यापाराचा भुगा, एका दमात. पाइपमधून पिवळा लोटच आला. मी स्विच शोधेपर्यंत भिंती पिवळ्या, थर्मामीटर पिवळा, आणि खुर्चीत नेमाण्णा. टोपीपासून पायापर्यंत. फक्त डोळे तेवढे होते तसेच, आणि ते माझ्याकडे बघत होते.
आईनं पाणी आणलं. हळद ओली झाली. जास्तच बसली.
स्टँडपर्यंत त्यांच्या मागून चालत गेलो. केरबा ओट्यावरून ओरडला, "आवं पाव्हणं, लगीन कवाचं? नवरी कुठली?" नेमाण्णा आणखी झपझप चालू लागले. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहिली. तेवढीच त्यांना हवा.

२० मे
शास्त्रीयदृष्ट्या प्रयोग यशस्वी. हवा गार होती, हे नेमाण्णांनाही नाकारता येणार नाही. फक्त फिल्टर हवा.
मी भिंत पुसतो, ती आणखी पिवळी होते. गुणमाला आता येणार नाही, असं दिवसभर वाटत राहिलं. काय करावं ते खरंच कळत नाही. म्हणून झोपलो.

२३ मे, रविवार
फिल्टरसाठी मलमल आणायला सांगलीला गेलो. मनासारखी मिळायला दुपार झाली. परत आलो तर दारात नेमाण्णांच्या चपला. पुढं गेलो तर सैपाकघराच्या भिंतीला भोक. कवठ्याचा गवंडी चौकट बसवत होता. मला कुणी विचारलेलं नाही. मी म्हणालो, पश्चिम दिशा आहे, हीट गेन होईल. गवंडी म्हणाला, "थापी द्या जरा." दिली.
चुलीपाशी गुणमाला होती. म्हणाली, अण्णा घरी पिवळे होऊन आले, तशी ती पोट धरून हसली, अण्णाही हसले. मग म्हणाली, ह्या माणसाला एकटं सोडण्यात अर्थ न्हाई. हे कौतुक की काय, ते कळलं नाही.

२४ मे
संध्याकाळी जेवणं उजेडातच झाली. खिडकीतून कृष्णेवरचा वारा सरळ आत येत होता. धूर बाहेर. आई, गुणमाला दोघी भिंतीला टेकून निवांत बसल्या होत्या. क्रॉस व्हेंटिलेशनचा उत्तम नमुना. नीट पाहिलं तर हे सगळं माझ्या मूळ विचारांतच होतं. तसं त्यांना समजावून सांगावं म्हणून खिडकीपुढं उभा राहिलो. थर्मामीटर हातात घेतला.
गुणमाला म्हणाली, "अवं, जरा बाजूला सरा. वारा अडतोय."