चढावरचा काटा

४ मार्च
आज परत बंद पडली! ऐन चढाच्या मध्यावर. मागचे हॉर्न बडवतायत, शेजारी दादा डायलिसिसने पार पिळून निघालेला. तरी म्हणतो, "गाडीची आणि माझी, दोघांचीही वॉरंटी संपली गं." हसले. घरी येऊन रडले.
हॉस्पिटलने बजावलंय — किडनी मिळाल्याचा फोन आला की तीन तासांत हजर. नाहीतर यादीतल्या पुढच्याला. आणि वाटेत हा चढ.

६ मार्च
गॅरेजवाल्याने पुन्हा प्लग बदलले. पुन्हा बंद.

७ मार्च
डायलिसिसला दादाच्या शेजारच्या खाटेवर असतात त्या काकूंनी एका मिस्त्रींचा पत्ता दिला. म्हातारे, चष्म्याला दोरी. आधी टाकीतून इंजिनाला पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवलं. "दाब उतरवल्याशिवाय नळी सोडवायची नाही, ताई. फवारा गरम इंजिनावर उडाला की संपलं!" मग नळीला दाब मोजायचं मीटर जोडलं, फ्यूज परत बसवला, गाडी सुरू केली. काटा तीनवर, ठाम. म्हटलं, झालं — हेही हात टेकणार.
"उभ्या गाडीत काय कळतंय? चढावर चला."
मीटर काचेवर बाहेरून चिकटपट्टीने लावलं. मी चालवतेय, त्यांचा डोळा काट्यावर. तीन... अडीच... दोन... गचके, आणि बंद!
"सापडला चोर!"
गाडी बंद पडल्याचा आनंद आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

९ मार्च
टाकीतल्या पंपाची जाळी गाळाने काळीकुट्ट. पंपही थकलेला. चढावर इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, तेच पोचत नव्हतं. जाळी, पंप, फिल्टर — सगळं नवं. परत मीटर लावून चढावर. काटा ढिम्म! मागच्या सीटवरून दादाने टाळ्या वाजवल्या. मी आभार मानायला लागले तर मिस्त्री म्हणे, "मी काय केलं? मीटरने सांगितलं." असं कसं! इतके दिवस कुणी विचारलंच नव्हतं त्या मीटरला.

१५ मार्च
या आठवड्यातल्या डायलिसिसच्या तीनही फेऱ्या सुरळीत.

२१ मार्च
फोन आला!! सकाळी साडेदहाला. दादाची दाढी अर्धीच झालेली, तसाच निघाला. चढ आला. गाडी चढत राहिली. वर पोचल्यावर मिस्त्रींना हात जोडले — मनातच, स्टिअरिंग कसं सोडणार! एक तास पन्नास मिनिटांत हॉस्पिटलात.
आत नेताना दादा म्हणतो, "गाडी नीट लाव, उचलून नेतील."
आता बाकावर बसून लिहितेय. कुणाच्या तरी घरातलं माणूस आज गेलं, आणि त्या रडत्या घराने 'हो' म्हटलं. त्यांचं नावही कळणार नाही मला.

२२ मार्च
दादाला लघवी झाली. अडीच वर्षांनी! नर्सने काचेपलीकडून पिशवी उंच धरून दाखवली.