म्हातारीचं ॲल्युमिनियमचं डोकं

कॉव्हेंट्री,
६ जानेवारी १९७९

ती. विल्फकाका,
सा. न. (साष्टांग घालायला आमच्या स्वयंपाकघरात जागा नाही, टेबलाखाली गिअरबॉक्स आहे. उभ्यानेच चालवून घ्या.)

तर नाही, तुमचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. आपलं हे इंजिन, आपली म्हातारी, अशी लांबुडकी झाली ती डिझायनर वेडे होते म्हणून नाही, सरकारमुळे झाली. तेव्हा गाडीवरचा कर सिलिंडर किती रुंद यावर होता, किती खोल यावर नव्हताच. मग काय, आपल्या ऑल्डर्ली कारखान्याच्या लोकांनी विहिरीसारखे सिलिंडर केले, अरुंद आणि खोल. पिस्टन बिचारा वरखाली धावून अर्धमेला व्हायचा, पण गिऱ्हाईक खूश. हे मी माझ्या वहीत लिहिलंय आणि आमच्या मास्तरांनी त्यावर चक्क बरोबरची खूण केलीय, तेव्हा आता वाद नको.

वही छान चाललीय. आमच्या शिकाऊ तुकडीत प्रत्येकाला एका इंजिनाचा इतिहास लिहायचाय. बाकीच्या पोरांनी रेसची इंजिनं घेतली, मी आपल्या कारखान्याची म्हातारी घेतली म्हणून हसतात. हसू देत. सदतीस साली जन्म, नऊशे सीसी, व्हॉल्व्ह बाजूला. एकोणपन्नासला व्हॉल्व्ह डोक्यावर गेले. कराचा नियम बदलल्यावर चोपन्नला सिलिंडर रुंद केले, अकराशे. एकोणसाठला आणखी रुंद, तेराशे, आणि आता दोन सिलिंडरांच्या मधून पाणी जायलासुद्धा जागा उरली नाही. एवढं सगळं त्याच जुन्या लोखंडाच्या ठोकळ्यात! मला तर वाटतं हे नवीन इंजिन बनवण्यापेक्षा कठीण आहे. आईचा तो निळा कोट नाही का, तिने तो तीनदा उसवून मला बसवला, तसंच.

पण एकसष्ट साली वहीत भोक आहे. रजिस्टरमध्ये एकच ओळ सापडली: ‘ॲल्युमिनियम हेड, बारा नग, रद्द.’ बाबाला विचारलं तर तो म्हणाला की बेकन बॅच खा, पाव गार होतोय. पुन्हा विचारलं तर त्याने चांगला कान माझ्यापासून फिरवला. हो, आता एकच चांगला राहिलाय. चाळीस वर्षं इंजिनांच्या टेस्ट बाकांवर काढल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणतात, उजवाही पुढच्या नाताळापर्यंतच.

आणि खरी बातमी आता. ३० मार्चला शेवटची म्हातारी बनणार. त्यानंतर लाइन बंद. बाबाही त्याच दिवशी रिटायर. काका, तुम्ही याल का? तुम्ही गेलात तेव्हा मी पाळण्यात होते, तुमचा आवाज कसा आहे ते मला ठाऊक नाही. बाबाला ठाऊक आहे, पण त्याला अजून थोडं ऐकू येतंय तोवर तुम्ही यायला हवं ना.

लोभ आहेच. वाढवायचा की नाही ते तुमच्या पुढच्या पाकिटाच्या जाडीवरून ठरवेन.

तुमची पुतणी,
हेदर


एलिझाबेथ, दक्षिण ऑस्ट्रेलिया,
२१ जानेवारी १९७९

चि. हेदर हिस,
अ. आ., आणि मास्तरांनाही थोडे दे, त्यांना गरज आहे.

कराचं खरं आहे, पण अर्धंच. त्याच विहिरी होत्या म्हणून म्हातारी दुसऱ्या गिअरमध्ये टेकडी चढायची आणि वर पोचल्यावर धापाही टाकायची नाही. हे पुस्तकात नसतं, ढुंगणाखाली असतं. लिही वहीत आणि बघू खूण करतात का.

इथे उन्हाने पक्षी झाडावरून पडतायत. कॅन्टीनमध्ये अठरा वर्षांत मी ‘बेकन बॅच’ मागायचं सोडलेलं नाही आणि ती पोरगी अठरा वर्षं माझ्याकडे येड्यासारखी बघते. म्हणते रोल म्हणा. मी म्हणत नाही. रोल म्हटलं की माझं कॉव्हेंट्री संपलं.

आता तुझं भोक बुजवतो. आम्ही पॅटर्नवाले आधी लाकडाचं इंजिन करतो, वाळूत त्याचा ठसा घेतात, त्यात धातू ओततात. धातू निवला की आकसतो. म्हणून आमची फूटपट्टी खोटी असते, तिचा इंच जरा मोठा. लोखंड कमी आकसतं, ॲल्युमिनियम जास्त, म्हणून दोघांच्या पट्ट्या वेगळ्या. दिसायला जुळ्या बहिणी. एकसष्ट साली ठरलं की म्हातारीला हलकं डोकं द्यायचं, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण ॲल्युमिनियमचं करायचं. पॅटर्न मी केला. हातात पट्टी लोखंडाची होती. बारा डोकी ओतली, बाराही आखूड आली. पहिलंच बाकावर चढवलं तर चौथ्या सिलिंडरात पाणी. मोटार प्रदर्शनात मांडायची गाडी हुकली ती हुकलीच. चूक माझी. लिहून टाक, नावासकट.

तुझ्या बाबाने त्या डोक्यासाठी दोन वर्षं घातली होती. हवा आत कशी वळेल हे बघायला तो नळाखाली मेणाचे तुकडे धरून बसायचा. त्यानंतर तो माझ्याशी हवापाण्यापलीकडे बोलला नाही, आणि मी निघालो तेव्हा स्टेशनवर आला नाही. त्याला राग धरायचा हक्क आहे. म्हणून मी येत नाही, बाळ. त्याच्या शेवटच्या दिवशी त्याला माझं तोंड कशाला?

तो अजून चहात तीन चमचे घालतो का, तेवढं कळव.

आहे ती माया तशीच राहू दे. या उन्हात नवीन काही उगवत नाही.

तुझा,
विल्फकाका


कॉव्हेंट्री,
११ फेब्रुवारी १९७९

ती. विल्फकाका,
सा. न., आणि आधीच सांगते, मी आगाऊपणा केलाय.

चार चमचे. आईने साखरेचा डबा लपवला तर शेजारच्यांकडून आणतो.

काका, कालव्यापलीकडचं पॅटर्नचं गोदाम रिकामं करताहेत. जुने पॅटर्न सरळ शेकोटीत. मी मिस्टर ब्लंटना, म्हणजे गोदामवाल्यांना, लाडीगोडी लावली. ते म्हणाले की टार्पलीची पोरगी आहेस म्हणून, नाहीतर हाकलली असती. तुमचं डोकं सापडलं! काय सुंदर काम आहे हो. कडा अशा की बोट फिरवलं तर कुठे लाकूड जोडलंय ते कळत नाही. मी दोन्ही पट्ट्या लावून पाहिल्या. लोखंडाच्या पट्टीने बरोब्बर अठरा इंच. ॲल्युमिनियमच्या पट्टीने तीन पोस्टकार्डांच्या जाडीएवढं कमी. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

पण मला काही चैन पडेना. ज्या माणसाची कड केसभर चुकत नाही त्याने पट्टीच चुकीची उचलली? पॅटर्नच्या पोटाखाली तुमची पेन्सिल आहे: ‘वि. टा., सुरुवात १४ एप्रिल.’ मग मी ड्रॉइंग ऑफिसमध्ये बदलांची वही काढली. धातू बदलायचं ठरलं ११ एप्रिलला. ओतशाळेला कागद गेला. पॅटर्नशॉपसमोर मात्र लिहिलंय, ‘तोंडी निरोप, सिड टार्पलीमार्फत.’ म्हणजे आपला बाबा.

मिस्टर ब्लंट म्हणाले की त्यात काही नवल नाही, तेव्हा सगळं तसंच चालायचं. पॅटर्नशॉप कालव्याच्या त्या बाजूला, तुम्ही दोघं भाऊ दुपारी पुलावर बसून डबा खायचात, म्हणून सगळ्या कारखान्याचं टपाल तुमच्या सँडविचबरोबर पलीकडे जायचं. कागद लिहायचा कंटाळा आला की म्हणायचे, सिडला सांगा.

काका, ११ एप्रिल एकसष्ट. त्या दिवशी मी जन्मले.

त्या दिवशी बाबा पुलावर आला होता का? मला खरं सांगा. पॅटर्न मी माझ्या पलंगाखाली आणून ठेवलाय, शेकोटीत जाऊ दिला नाही. आई म्हणते की आता गिअरबॉक्स आणि मी दोघांनी एकाच वेळी घर सोडावं.

राग आला असेल तर अर्धाच माना, अर्धा आल्यावर समोरासमोर.

हेदर


एलिझाबेथ,
२६ फेब्रुवारी १९७९

चि. हेदर हिस,
अ. आ.

तुला त्या गोदामात कुणी पाठवलं होतं? ब्लंट पहिल्यापासूनच बडबड्या.

नाही आला. तीन दिवस नाही आला. मी एकटाच पुलावर बसलो आणि त्याच्या वाटणीचं लोणचं खाल्लं. चौथ्या दिवशी आला तेव्हा दाढी नाही, डोळे लाल, आणि बोलणं सगळं तुझ्या नखांबद्दल. एवढीशी नखं, विल्फ, आणि प्रत्येकाला चंद्र आहे, असं तो मला सांगत होता. तासभर नखं. ॲल्युमिनियमचं अक्षर नाही. ड्रॉइंगवर लोखंड लिहिलं होतं, मी तेच धरून काम केलं.

डोकी रद्द झाली तेव्हा साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले की सिडने तर निरोप दिला होता ना. मला त्या क्षणी सगळं उमजलं. त्याच्या घरी दोन महिन्यांचं पोर, भाड्याची खोली, आणि तो आधीच फोरमनच्या डोळ्यावर आलेला. मी काय, सडाफटिंग. म्हणालो, हो साहेब, दिला होता, मीच विसरलो. बास. एवढंच झालं.

सिडला हे काही आठवत नाही. त्या आठवड्यात त्याला स्वतःचं नाव धड आठवत नव्हतं. निरोप दिला असंच त्याला वाटतं आणि मी घोळ घातला म्हणून तो माझ्यावर रुसला. रुसू दे. त्याला जर कळलं की त्याच्या विसरण्यामुळे मी घर सोडलं, तर तो जेवणार नाही, मी ओळखतो त्याला. म्हणूनच मी येत नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, पुलावर बसलो की पाच मिनिटांत ओकेन. फोनही म्हणूनच करत नाही. नाताळच्या कार्डावर त्याची सही बघतो. या वर्षी ‘सिड’मधला शेवटचा ड थरथरलाय.

तू मला वचन दे की त्याला सांगणार नाहीस. आणि वहीत ‘चूक वि. टार्पलीची’ असंच लिही. मला नखांचा राग नाही, कधीच नव्हता.

तीस तारखेला जेव्हा ती शेवटची म्हातारी सुरू होईल तेव्हा तिथे किती वाजलेले असतील ते कळव. मी इथे नुसता बसेन.

आहे तेवढं प्रेम दोघांत वाटून घ्या, त्याला कुणाकडून आलं ते सांगू नको.

विल्फकाका


कॉव्हेंट्री,
१ एप्रिल १९७९

ती. विल्फकाका,
सा. न., खरोखर खाली वाकून.

वचन दिलं. पाळलंय.

कार्डावर कळवलं होतं तशीच शेवटची म्हातारी परवा सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली, तुमचे संध्याकाळचे सहा चाळीस. बसला होतात ना? मी पण तेव्हा तुमचाच विचार करत होते. बाबा आता इंजिन कानाने ऐकत नाही. ओकची काठी दातात धरतो, दुसरं टोक इंजिनावर टेकवतो, म्हणजे ठोके हाडांतून पोचतात, आणि डोळे मिटतो. नियमाप्रमाणे वीस मिनिटं चालवायचं. त्याने तासभर चालवलं. फोरमन तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग बाबाने तेल, पाणी तपासलं, पाटीवर ‘ठीक’ लिहिलं, आणि हात न धुताच बाहेर गेला.

मला तो पुलावर सापडला. मी शेजारी बसले. त्याने डबा उघडला आणि एक सँडविच मधोमध मोडून अर्धं बाजूला ठेवलं, मला नाही दिलं. मग तो बोलायला लागला. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलतो, पलीकडच्या काठावरची बदकं उडाली. एकसष्ट सालचं बोलला. सगळं बोलला, काका. मला वाटत होतं त्याला आठवत नाही. शेवटी माझा हात धरून त्याने माझ्याकडून वचन घेतलं की यातलं एक अक्षर विल्फला लिहायचं नाही. म्हणाला की विल्फ बिचारा आजवर सगळं स्वतःच्याच अंगावर घेऊन बसलाय, त्याला खरं कळलं तर तो माझं कार्डसुद्धा फाडून टाकेल.

मी वचन दिलं. म्हणून तो काय म्हणाला ते मी इथे लिहीत नाहीये, आणि तुम्ही काय लिहिलंत ते त्याला सांगितलं नाहीये. दोन्ही वचनं शाबूत आहेत. वहीतलं ते पान मात्र अजून कोरंच आहे, उद्या द्यायची आहे.

तुमचा आवाज कसा असेल याचा मी रोज अंदाज करते. बाबासारखा जाड की थोडा वरचा?

प्रेम वाढवा असं आता म्हणत नाही, ते दोन्हीकडे भरपूर पडून आहे. कुणीतरी उचलायला हवं एवढंच.

तुमची,
हेदर

ता. क. एकच गोष्ट दोघांना माहीत असेल, आणि दोघंही एकमेकांना दुखेल म्हणून ती लपवून जगाच्या दोन टोकांना बसले असतील, तर मधल्या माणसाने गप्प राहावं, असं तुम्हाला खरंच वाटतं का?