जिशानच्या पिक्चरचा शेवट

अहेरी
३ फेब्रुवारी २०२५

अजयभाऊ,

सलाम आणि नमस्कार, दोन्ही. इकडे सगळं ठीक आहे. अम्मीची शुगर वर-खाली होत राहते, पण घरात चालती-फिरती आहे. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. नागपुरात लग्नांच्या शूटिंगचा सीझन चालू असेल, तुम्हाला जेवायला फुरसत मिळत नसेल.

पत्र पाहून नवल वाटेल तुम्हाला. फोन तुम्ही उचलत नाही, आणि मोबाइलवर लिहायला घेतलं की दोन ओळींच्या पुढे माझं मन जात नाही. म्हणून कागद घेतला.

सरफराजभाई सांगत होते, तुम्ही सगळ्यांना विचारून राहिलात की पिक्चर कसा झाला, कुठे जमला, कुठे फसला, तोंडदेखलं बोलू नका. मला काही तुम्ही विचारलं नाही. पण त्यातला एकेक कपडा माझ्या मशीनवर शिवलेला आहे, तेव्हा सांगायचा हक्क मलाही आहे असं समजते.

शादीखान्याच्या हॉलमध्ये पांढरी चादर बांधून दाखवला. एवढी गर्दी झाली की मागची पोरं खिडक्यांत चढून बसली. चादरीवर ‘एक घोडा, सात गोळ्या’ नाव आलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या. मी अम्मीजवळ बसले होते, बायकांच्या बाजूला, अगदी पुढे.

आधी कमजोऱ्या सांगते, कारण त्या सगळ्यांनाच दिसल्या.

घोडी, चमेली. घोडीवाला डोमा तेव्हाच म्हणाला होता, “भाऊ, हे वरातीची घोडी हाये. फटाका वाजला का नाचतेच.” तुम्ही ऐकलं नाही. आता पहिल्याच गोळीबारात खलनायक झालेले सरफराजभाई डोळे वटारून पिस्तूल रोखतात आणि खाली चमेली पाय उचलून नाचते. लोक हसून हसून लोळले. आणि हिरोची पांढरी चमेलीच कोळसा फासून खलनायकाची काळी घोडी केलीत, ती उन्हात घामेजली आणि पोटाखालून पांढरी निघाली. एका सीनमध्ये तर अर्धी काळी, अर्धी पांढरी आहे.

विहिरीवरच्या भांडणात जिशान बोलतो तेव्हा सकाळ असते आणि सरफराजभाई उत्तर देतात तेव्हा संध्याकाळ. बँक म्हणून जे घर दाखवलंत त्याच्या मागे विजेचा खांब दिसतो. आणि हे दोघे एकमेकांच्या जिवावर का उठलेत ते शेवटपर्यंत कळत नाही. माझ्या शेजारच्या बाईने मला विचारलं, “याइचं नेमकं भांडण कायचं हाये वो?” मी तरी काय सांगू? शूटिंगच्या वेळी मीही हेच विचारलं होतं, तर जिशान म्हणाला होता, “अशा पिक्चरमध्ये कारण नसते शिरीन. टोपी असते.”

तुम्हाला आठवतं का, हे सगळं आमच्या ओसरीवर ठरलं. चंद्रपूरला कॉलेजात असताना तुम्ही आणि जिशानने ते इटलीवाल्यांचे काउबॉय पिक्चर पाहिले होते, हिंदीत आवाज भरलेले. तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, “त्या लोकांकडे पैसा नव्हता, तर त्यांनी स्पेनच्या माळावर अमेरिका उभी केली. आपल्याकडे तं प्राणहितेची अख्खी वाळू हाये.” त्याच दिवशी जिशानने अम्मीची जुनी शाल माझ्यासमोर टाकली आणि म्हणाला, मधोमध भोक पाड, मान घालायची आहे. खेळण्यातली पिस्तुलं घेऊन परवानगीला गेलात तेव्हा पोलीस साहेबांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि दम दिला, “पहिले आमाले सांगाचं, मंगच ठाय-ठाय कराचं.” मग दोन जवान रोज नदीवर येऊन बसायचे आणि त्यांनाच शूटिंगचा नाद लागला.

त्या उन्हाळ्यात मी त्याला जेवढं हसताना पाहिलं तेवढं कधीच नाही. दिवसा लोकांचे फ्रिज आणि कूलर दुरुस्त करायचे, उन्हं उतरली की नदी. घरी आला की केसांतून, कानांतून वाळू पडायची. अम्मी ओरडायची, “घर में लाया क्या पूरी नदी!”

आता चांगलं काय ते.

त्याचा चेहरा.

भाऊ, तुमच्याकडे सेट नव्हता, माणसं नव्हती, दुसरी घोडी नव्हती. म्हणून तुम्ही कॅमेरा घेऊन चेहऱ्यांपाशी गेलात. दुसरं दाखवायला काही नव्हतंच. जिशानचा चेहरा त्या चादरीवर भिंतीएवढा होऊन आला. भुवईवरचा कापलेला व्रण, कॉम्प्रेसरची नळी लागली होती तो. ओठांवरची साल. तेंदूच्या पानाची जाडी विडी तोंडात, आणि डोळ्यांत पाणी, कारण विडी त्याला सोसत नव्हती. लोकांना वाटलं, हिरोला काहीतरी मोठं दुःख आहे. सगळा हॉल चूप झाला. मागे फक्त वारा आणि तुमची ती शिट्टी. एवढा वेळ एकाच माणसाचं तोंड दाखवायला हिंमत लागते, असं सरफराजभाई म्हणाले. मला हिंमतीचं कळत नाही. तो सीन संपू नये असं वाटत होतं एवढंच.

आणि मग तो बोलला.

मी लगेच ओळखलं, पण अम्मीकडे बघायचा धीर झाला नाही. शूटिंगमध्ये आवाज घेतला नव्हता, पावसाळ्यानंतर नागपूरला नेऊन डबिंग करू, असं तुमचं ठरलेलं होतं. पावसाळा आला तो कसा आला ते तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा दुसऱ्या कोणाचा तरी आवाज लागणार हे मला समजायला पाहिजे होतं. तुम्ही स्वतःच बोलाल हे मनात आलं नव्हतं. त्याच्यासारखं बोलायचा किती प्रयत्न केलात! “मी हिसाब कराले आलो” म्हणताना ‘हिसाब’ थेट त्याच्यासारखा म्हटलात. त्याचे ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो.

अम्मी माझा हात धरून म्हणाली, “ये तो अजय है. मेरे बच्चे के मुँह से अजय बोल रहा.” मी म्हटलं, चल अम्मी, घरी जाऊ. ती हलली नाही. म्हणाली, “बोलने दे. दोस्त है उसका.” आणि ओढणी तोंडाला लावून पिक्चर पाहत राहिली.

चंद्रपूरहून माझा भाऊ दोनदा येऊन गेला. म्हणतो, सासूलाही घेऊन चल, इथे दोघी एकट्या काय करता? मी सांगते, घर सोडून कसं येऊ. घर कोणासाठी धरून बसले आहे, ते त्याला सांगत नाही. तुम्हाला सांगते. पण हसू नका.

पिक्चरच्या शेवटी जिशान घोडीवर बसतो आणि प्राणहितेच्या उथळ पाण्यातून पलीकडे निघून जातो, तेलंगणाच्या काठाला. पाठमोरा. छोटा छोटा होत. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. दुसऱ्या दिवशी मी अम्मीला बाजाराला जाते म्हणून सांगितलं आणि नदीवर गेले. तिथे उभी राहून पलीकडचा काठ पाहत होते. बरीच वाट पाहिली. डोमा म्हशी धुवायला आला होता, तो जवळ येऊन म्हणाला, “वहिनी, घरी चाला.”  त्याला कळलं होतं.

भाऊ, खरा शेवट हा नव्हता. मी तिथे होते. वाळूत जिशानला गोळी लागते, तो गुडघ्यावर येतो आणि पडतो, असा शेवट तुम्ही शूट केला होता. मला ते पाहवेना म्हणून मी डबे आवरायच्या निमित्ताने झाडाखाली जाऊन बसले होते. तो सीन तुम्ही काढून टाकलात आणि वेगळ्याच दिवशी घेतलेला एक नदी ओलांडायचा तुकडा शेवटी जोडलात.

का काढलात ते मला माहीत आहे. भामरागडच्या दवाखान्यातला लसींचा फ्रिज बंद पडला म्हणून तो गेला, नाल्यावरून पाणी होतं आणि मोटरसायकल वाहून गेली. रस्ता बंद, फोन बंद. पाणी उतरलं तेव्हा खाली दूर, झुडपांत तो सापडला, आणि ओळखायला तुम्ही आणि सरफराजभाई गेलात. तुम्ही पाहिलंत त्याला. तुम्हाला पुन्हा त्याला पडलेला पाहायचं नव्हतं.

पण मला कोणीच पाहू दिलं नाही. घरी आणला तो बांधलेलाच. सगळे म्हणत होते, “नको पाहू बेटी, याद अच्छी रहने दे.” तुम्हीही दारात आडवे उभे होता. मी तुमच्या शर्टाला धरून ओढत होते, आठवतं? मग तुम्ही सगळे पुरुष त्याला घेऊन गेलात. माझ्या वाट्याला काय आलं? फ्रिज दुरुस्तीला गेलेला माणूस. गेला, तिथपर्यंतच मी पाहिलं आहे. चार महिने दहा दिवस इद्दतला घरात बसले, बांगड्या काढल्या, सगळं केलं. पण मोटरसायकल घराजवळ हळू झाली की मी अजूनही उठते. आणि आता तुम्ही तर दाखवलंत की तो नदी पार करून गेला.

तुमच्यावर राग नाही, असं लिहिणार होते. राग आहे.

तो काढलेला सीन मला पाठवा. जसा असेल तसा, आवाज नसला तरी. पिक्चर तुमचा आहे, त्याला हवा तो शेवट द्या. मला माझा द्या.

शिरीन


अहेरी
२७ फेब्रुवारी २०२५

अजयभाऊ,

सलाम. सरफराजभाईंच्या हाती पाठवलेला पेन ड्राइव्ह मिळाला. सोबत दोन शब्दही लिहिले नाहीत तुम्ही. चालेल. सरफराजभाई म्हणाले, तो सीन शोधायला तुम्ही रात्रभर बसलात आणि सापडल्यावर स्वतः पाहिला नाहीत. म्हणून त्यात काय आहे ते तुम्हाला सांगते.

दुपारी अम्मीला शेजारी बसवून टीव्हीवर लावला. तो गुडघ्यावर येतो. टोपी आधी पडते. मग तो कुशीवर कलंडतो, आणि चेहरा आपल्याकडे वळतो. मला वाटलं होतं, नाटक करेल, हातपाय झाडेल. काहीच केलं नाही. डोळे मिटले आणि तसाच राहिला. वारा येतो आणि वाळू त्याच्या गालावर बसत जाते. चमेली येऊन त्याचा खांदा हुंगते. किती वेळ तो तसाच आहे.

मग तुमचा आवाज येतो, “कट!” तो उठत नाही. तुम्ही म्हणता, “जिशान, झालं बे.” तरी नाही. तेव्हा तुमचा आवाज बदलतो भाऊ. “जिशान?” म्हणता तुम्ही. आणि तो एक डोळा उघडून म्हणतो, “थांब ना बे, मस्त झोप लागून राह्यली मले.”

त्याचा आवाज. त्याचाच. कॅमेऱ्याने आपणहून धरून ठेवला होता, वाऱ्यात अर्धा बुडालेला.

अम्मी उठून टीव्हीपाशी गेली आणि दोन्ही हातांनी तो धरला. रडली, पण आता जेवते. रोज एकदा तेवढंच लावायला सांगते. उठल्यानंतरचं. बाकीचं तिला नको.

त्या दिवशी ती झोपल्यावर मी एकटीने पुन्हा लावला. तो पडला, चेहरा इकडे वळला, तिथे थांबवला. समोर खाली बसले. कोणी मध्ये उभं नव्हतं. व्रण, ओठ, गालावरची वाळू, मिटलेले डोळे, सगळं पोटभर पाहून घेतलं. त्या नाल्यात त्याच्या कानांत काय गेलं असेल, पाणी की चिखल, तेही मनात आणलं. मग जे त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं नव्हतं ते म्हटलं. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन, आपण अल्लाहचे आणि त्याच्याकडेच परत जाणार. कितीतरी वेळा म्हटलं. शेवटी टीव्ही बंद केला. तो उठतो, ते मी त्यानंतर पाहिलेलं नाही. अम्मीसाठी लावते तेव्हा स्वयंपाकघरात जाते.

पिक्चरचा शेवट बदलू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासाठी त्याला नदीपार जाऊ द्या. आवाजही तुमचाच असू द्या, अम्मीचं तसं म्हणणं आहे. ईदनंतर आम्ही दोघी चंद्रपूरला भावाकडे राहायला जाऊ. त्याआधी एकदा येऊन जा. अम्मीला भेटा. दारात आडवे उभे राहिलात त्याबद्दल काही बोलू नका. मला बोलता येईल असं वाटत नाही, आणि तुम्हालाही.

कब्रस्तानात जाल तेव्हा माझाही सलाम सांगा त्याला.

मरहूम जिशानची बायको,
शिरीन